दुसरी वेळ, मुलं शून्य : बाळ गेल्यानंतरची सोनोग्राफी

बेळगावातल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी नऊ वर्षं फॉर्म एफ भरले. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर हा फॉर्म भरावाच लागतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यानं तो सक्तीचा केलाय. नाव, वय, नवऱ्याचं नाव, पत्ता, किती आठवडे, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं. आणि मध्येच एक रकाना येतो: हयात मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, प्रत्येकाचं वय काय.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. खानापूरकडच्या एका गावातून एक पोरगी सासूबरोबर आली होती. मी खाली मान घालून विचारत होते. "पहिलीच वेळ का?" "दुसरी," ती म्हणाली. मी पेन त्या रकान्यावर नेलं. "मग पहिला मुलगा की मुलगी?" ती काही बोलेना. सासूच म्हणाली, "न्हाई ओ अक्का, ते पोटातच गेलं. आठव्या महिन्यात." मी मुलग्यांच्या जागी शून्य घातलं, मुलींच्या जागीही शून्य, आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढचा प्रश्न मोबाइल नंबरचा होता.

आत गेल्यावर टेबलावर झोपायच्या आधीच ती हमसून रडायला लागली. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "काय विचारलंस तिला?" मी काही वेगळं विचारलं नव्हतं. सगळ्यांना विचारते तेच विचारलं होतं. चूक तीच होती, हे कळायला मला आणखी बऱ्याच बाया बघाव्या लागल्या.

हा लेख त्या बायांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि काउंटरच्या माझ्या बाजूला बसणाऱ्यांसाठीही आहे. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण त्या खोलीत काय चालतं, मशीनला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि आपण काय मागू शकतो, एवढं सांगायला नऊ वर्षं पुरतात.

आधी शब्द

आपल्याकडे "पोटातच गेलं" म्हणतात. सरकारी कागदावर मृतजन्म लिहितात. जागतिक आरोग्य संघटना आकडे मांडताना 28 आठवडे किंवा त्यानंतर पोटात किंवा जन्मताना गेलेलं बाळ मृतजन्मात धरते. त्याच्या बरंच आधी गेलं तर तो गर्भपात. जुन्या रिपोर्टावर बहुतेक वेळा आययूएफडी किंवा नुसतं आययूडी अशी इंग्रजी अक्षरं असतात, अर्थ तोच: बाळ पोटात गेलं. गंमत अशी की तांबीलाही आययूडीच म्हणतात. त्यामुळे मागची फाइल चाळणारा नवा माणूस "तांबी कधी बसवली होती?" असं विचारून मोकळा होतो. हे मी दोनदा तरी ऐकलंय. फाइलवर पूर्ण शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो?

केसपेपरच्या कोपऱ्यात आणखी एक सांकेतिक ओळ असते: जी-टू, पी-वन, एल-झीरो. म्हणजे दुसऱ्यांदा गरोदर, एक बाळंतपण झालेलं, हयात मूल नाही. ही ओळ वाचता आली की बाईला तोंडानं काही विचारायची गरजच उरत नाही. हे कळल्यावर मी फॉर्म भरण्याआधी केसपेपर मागून घ्यायला लागले.

हे फार क्वचित घडतं असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगभर सुमारे 19 लाख बाळं अशी गेली. भारत सरकारनं 2014 साली नवजात बाळांसाठी जो कार्यक्रम आखला, त्यात 2030 पर्यंत हे प्रमाण हजारी एक आकडी करायचं ठरवलंय. म्हणजे गावात कुणी बोलत नसलं तरी प्रत्येक गल्लीत एखादं घर असतंच.

परत तसंच होईल का?

काउंटरवर हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. आत गेल्यावर, पोटावर जेली लावल्यावर विचारतात.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. श्रीमंत देशांतल्या लाखो बायकांची नोंद त्यात होती. ज्यांचं आधीचं बाळ असं गेलं होतं त्यांच्यात पुढच्या खेपेला तेच होण्याचं प्रमाण शंभरात अडीच आलं. ज्यांना तसा अनुभव नव्हता त्यांच्यात हजारात चार. धोका वाढतो, हे खरंच आहे. पण शंभरातल्या साडेसत्त्याण्णव बायकांच्या बाबतीत ते परत घडलं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. आपल्याकडचे आकडे जसेच्या तसे नसतील, कारण आपल्याकडे बरीच बाळं बाळंतपणाच्या वेळी, वेळेत मदत न मिळाल्यानं जातात. जे कारण टाळता येतं ते पुढच्या खेपेला टाळायची संधीही असते.

म्हणून मागच्या वेळी काय झालं होतं हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. बीपी वाढलं होतं का, साखर होती का, वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) आधीच सुटली होती का, बाळाची वाढ खुंटली होती का, बाळात काही व्यंग होतं का, की कळा चालू असताना गेलं? वार तपासायला पाठवली असेल तर तो रिपोर्ट सोन्यासारखा जपावा. कधीकधी सगळं तपासूनही कारण सापडत नाही. मग बाई ते कारण स्वतःत शोधत बसते: मी त्या दिवशी बस पकडून आले म्हणून, मी पपई खाल्ली म्हणून, ग्रहणात बाहेर आले म्हणून. यातलं काहीही कारण नव्हतं.

आणि इथे आपल्या भागातली एक अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर खानापूर तालुक्यात आणि माहेर चंदगडला, किंवा सासर निपाणीकडे आणि माहेर कागलला. पोरगी सातव्या महिन्यात राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाते, तिथे बाळ जातं, आणि ती रिकाम्या हातानं परत येते. कागद तिकडेच राहतात. आईनं कपाटात खाली ठेवलेले असतात, लेकीच्या नजरेला पडू नयेत म्हणून. कधी जाळूनही टाकलेले असतात. दुसऱ्या खेपेला इकडे कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, नवं कोरं निघतं आणि त्यावर मागचं काहीच नसतं. डॉक्टर विचारतात, "किती आठवडे होते? वजन किती होतं?" आणि सासू म्हणते, "आठवा लागला होता बघा." आठवा लागला म्हणजे 30 आठवडे की 34, आणि बाळ एक किलोचं होतं की अडीचचं, यावर या खेपेचं सगळं नियोजन ठरतं. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच पहिलं काम म्हणजे माहेरच्या कपाटातली ती पिशवी कुणालातरी आणायला लावणं. बाईनं ती स्वतः उघडली पाहिजे असं नाही. भावानं फोटो काढून पाठवले तरी चालतात.

खोलीतली शांतता

सोनोग्राफीची खोली सगळीकडे सारखीच असते. दिवे मंद, एसी गार, जेली त्याहून गार, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत गप्प. बहुतेक बायांना मागच्या वेळी बातमी नेमकी अशाच खोलीत, अशाच शांततेनंतर कळलेली असते. त्यामुळे या खेपेला सगळं ठीक असलं तरी अंगाला ते आठवतं. हात गार पडतात, छाती धडधडते. स्कॅनच्या आधी बीपी घेतलं तर वाढलेलं येतं. अशा वेळी तिला निवांत बसवून पुन्हा घ्यावं. मात्र दुसऱ्यांदाही वाढलेलं आलं तर "घाबरलीय म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नये, ते डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टर गप्प का असतात? कारण ते मोजत असतात. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी. या चारांवरून बाळाच्या वजनाचा अंदाज निघतो. प्रत्येक माप योग्य जागी नेमका छेद मिळाल्यावरच घेता येतं, आणि बाळ काही फोटो काढायला बसल्यासारखं स्थिर बसत नाही. पोटाचा घेर नीट मिळाला नाही म्हणून आमचे डॉक्टर एकेकदा दहा मिनिटं त्याच जागी प्रोब फिरवत बसायचे. त्यांच्या दृष्टीनं ते चोख काम होतं. टेबलावरच्या बाईच्या दृष्टीनं ती दहा मिनिटं म्हणजे मागच्या वेळचीच दहा मिनिटं.

उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. आधी ठोका दाखवायचा. प्रोब ठेवल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बाळाची छाती शोधायची, स्क्रीन तिच्याकडे करायची आणि म्हणायचं, "हे बघ, हे लुकलुकतंय ते बाळाचं काळीज." बाकी सगळं नंतर. मग सांगायचं, "आता मी मापं घेणार. पाच-दहा मिनिटं बोलणार नाही. मी गप्प आहे म्हणजे काही वाईट दिसलंय असं समजू नकोस. काही वेगळं दिसलं तर तुलाच सांगेन."

ब्रिटनमध्ये 2020 साली सोनोग्राफी करणाऱ्यांनी बातमी कशी सांगावी याची मार्गदर्शक तत्त्वं एकत्र बसून ठरवली गेली. त्यातही सुरुवातीलाच शांततेची कल्पना देऊन ठेवावी असं आहे. मँचेस्टरला तर अशा बायांसाठी रेनबो क्लिनिक नावाचं वेगळं क्लिनिकच आहे. तिथे प्रत्येक भेटीला तीच ओळखीची माणसं भेटतात, म्हणजे सगळी कहाणी दर खेपेला पहिल्यापासून सांगावी लागत नाही. त्याच देशात फाइलवर अश्रूच्या थेंबाचं छोटं स्टिकर लावायची पद्धत आहे. ते बघून पुढचा कर्मचारी आपोआप सावध होतो.

आमच्याकडे स्टिकर कुठलं? सरकारी दवाखान्यात महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात, पण ते रक्त कमी असलेलीलाही असतं. मी फाइलच्या उजव्या कोपऱ्याला एक घडी घालायला लागले. फक्त फाइलच्या. फॉर्म एफला मात्र कधी हात लावला नाही. त्यावर एक रेघ इकडची तिकडे झाली तरी सेंटरवर केस होऊ शकते. घडी दिसली की आतली सिस्टर समजायची: हिला पहिल्या नंबरात घ्यायचं, दहा पोटुशा बायांच्या रांगेत ताटकळत बसवायचं नाही, आणि "पहिलंच का?" विचारायचं नाही. डॉक्टरही समजायचे. कुणी नियम केला नव्हता. तीन माणसांच्या सेंटरला तेवढं पुरतं.

स्क्रीनबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. "कायद्यानं स्क्रीन दाखवायला बंदी आहे, नवऱ्याला आत घ्यायला बंदी आहे," असं सांगून बाईला एकटीला आत पाठवतात. कायद्याची बंदी लिंग सांगण्याला आहे, मग ते शब्दानं असो, खुणेनं असो की आणखी कशानं. काळजाचा ठोका दाखवण्याला नाही. खोली लहान आहे म्हणून माणसं आत घेत नसतील तर तसं सांगावं, कायद्याच्या नावावर खपवू नये. ज्या बाईनं मागच्या वेळी एकटीनं ती बातमी ऐकलीय, तिच्या हाताला या वेळी कुणाचातरी हात असायला हवा. आणि बाहेर बसलेल्या काही मंडळींचा "मागचा मुलगा होता ओ, आता काय दिसतंय तेवढं सांगा की" हा प्रश्न असतो ना, त्यावर मी इथे काही लिहीत नाही. माझं बीपी वाढतं.

कूसु मलगैति

सीमाभागात राहायचं म्हणजे दवाखान्यात चार भाषा कानावर घ्यायच्या. रिपोर्ट इंग्रजीत, बोर्ड कन्नडात, डॉक्टर जमेल तसं मराठी-हिंदी बोलणारे, सिस्टर गोकाककडची नाहीतर बैलहोंगलकडची. भाषेचा वाद मला इथे आणायचा नाही, तो आणायला पुष्कळ जागा आहेत. पण एक प्रसंग सांगते.

34 आठवड्यांची एक बाई, जांबोटीकडची, एनएसटीला बसवली होती. एनएसटी म्हणजे पोटावर दोन पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांची कागदावर रेघ काढतात. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत. वाढले म्हणजे ते तरतरीत आहे. पंधरा मिनिटं रेघ सपाटच येत होती. सिस्टरनं कागद बघितला, पोटावर थोपटलं आणि सहज म्हणाली, "कूसु मलगैति." आणि निघून गेली.

मराठीत कूस म्हणजे बाईचं उदर. "कूस उजवली" म्हणतो आपण. तिकडच्या कन्नडात कूसु म्हणजे बाळ. मलगैति म्हणजे झोपलंय. हिला कन्नड अर्धवट येत होतं. तिनं "कूस" ऐकलं, सिस्टरचा चेहरा बघितला, आणि तिच्या डोक्यात मागच्या वेळचे शब्द आले. तिच्या आईला तेव्हा कुणीतरी "बाळ शांत झोपलं" असंच सांगितलं होतं. ती पट्टे ओढून उठायला लागली.

सिस्टरचं काही चुकलं नव्हतं. पोटातलं बाळ खरंच झोपतं. साधारण 20 ते 40 मिनिटांची त्याची झोप असते, क्वचित जास्तही. म्हणून एनएसटीला कधी वीस मिनिटं लागतात, कधी चाळीस. थोड्या वेळानं रेघ वर उसळली, बाळ जागं झालं होतं. पण तेवढ्या वेळात त्या बाईचं जे झालं ते कुठल्या कागदावर उमटलं नाही. तेव्हापासून मी मराठी बाईला आत पाठवताना दोन शब्द शिकवायची: मलगैति म्हणजे झोपलंय, छलो ऐति म्हणजे छान आहे. आणि सिस्टरला सांगायची, "झोपलंय" म्हणायचं तर लगेच "ठोका छलो ऐति" हेही म्हण. दोन्ही बाजूंनी दोन-दोन शब्द शिकायचे, एवढंच.

फॉर्म एफच्या खाली बाईची सही असते, "मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही" अशा प्रतिज्ञेखाली. आमच्याकडे ती कन्नडात आणि इंग्रजीत होती. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. आधीच धास्तावलेल्या बाईला कशावर सही घेतायत हे कळत नसलं की ती भलतंच काही समजते.

मशीन काय बघतं

सहा आठवड्यांच्या आत धावत जाऊ नये. तेव्हा ठोका दिसतच नाही बऱ्याचदा, आणि "आठ-दहा दिवसांनी परत या" हे ऐकून ते दिवस विनाकारण नरकात जातात. 11 ते 14 आठवड्यांच्या मधली सोनोग्राफी मात्र चुकवू नये, कारण तेव्हाच्या लांबीवरून बाळंतपणाची तारीख सगळ्यात अचूक ठरते. ही तारीख पक्की नसेल तर पुढे "बाळ लहान आहे" याला अर्थच राहत नाही. ते लहान आहे की आपण आठवडे चुकीचे मोजतोय? मग 18 ते 20 आठवड्यांना अवयव तपासणारी सोनोग्राफी. आणि आठव्या-नवव्या महिन्यांत वाढीच्या सोनोग्राफ्या, मागचं कारण बघून डॉक्टर ठरवतील तितक्या वेळा.

वाढीच्या सोनोग्राफीत वजन लिहिलेलं असतं: 1,840 ग्रॅम. आकडा इतका नेमका दिसतो की लोक तो खरा मानतात. तो अंदाज आहे, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. एका सेंटरला 1,840 आणि दोन दिवसांनी दुसऱ्या सेंटरला 1,750 आलं म्हणजे बाळ वाळलं असं नाही. घाबरून आठवड्याला तीन सेंटरं फिरणाऱ्या बाया मी बघितल्यात, आणि त्यांची काळजी प्रत्येक रिपोर्टागणिक वाढतच जाते. वाढ बघायची तर दोन मापांत किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर हवं, आणि शक्यतो एकाच ठिकाणी बघावी.

डॉपलर हा शब्द ऐकून बाया दचकतात, तो मात्र समजून घेण्यासारखा आहे. नाळेतली रक्तवाहिनी बाळाचं रक्त वारेकडे नेते. उसाला पाणी सोडताना पाइपातून पाणी धक्क्याधक्क्यानं येतंय असं समजा. पुढचा पाइप मोकळा असेल तर दोन धक्क्यांच्या मध्येही पाणी पुढे सरकत राहतं. पुढे गाळ भरला असेल तर धक्क्याबरोबर येतं आणि मध्ये थांबतं. फारच तुंबलं तर मागेही फिरतं. वार नीट काम करत असेल तर काळजाच्या दोन ठोक्यांमध्येही रक्त पुढे वाहतं. वार थकली की मधला प्रवाह कमी होतो, मग थांबतो, मग उलटा फिरतो. डॉपलर तेवढंच बघतं. मधला प्रवाह थांबल्याचं किंवा उलटल्याचं दिसलं तर डॉक्टर घाई करतात, भरती करून घेतात, कधी बाळ लवकर बाहेर काढतात. मागचं बाळ वाढ खुंटून गेलं असेल तर या एका तपासणीला फार किंमत आहे.

वारेसाठीच काही बायांना डॉक्टर सुरुवातीपासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक अशाच एका मोठ्या अभ्यासात होते. नागपूर आणि बाहेरचे पाच देश धरून जवळपास 12 हजार पहिलटकरणी त्यात होत्या. 2020 च्या लॅन्सेटमध्ये तो छापून आला. रोज 81 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 37 आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण 13.1 वरून 11.6 टक्क्यांवर आलं. तो पहिलटकरणींवरचा अभ्यास होता, आणि गोळी कुणाला द्यायची हा डॉक्टरांचाच निर्णय. शेजारणीला दिली म्हणून आपण घेऊ नये.

आता जे मशीनला दिसत नाही ते. सोनोग्राफी त्या घटकेचं चित्र दाखवते. आज ठोका छान, पाणी भरपूर, डॉपलर चोख, म्हणजे पुढच्या पंधरा दिवसांची हमी मिळाली असं नाही. वार अचानक सुटली किंवा नाळ दबली तर ते आधीच्या रिपोर्टात दिसलेलं नसतं. हे मी लिहिताना मलाही जड जातंय, पण खोटा धीर दिला तर बाई पोटातली हालचाल कमी झाली तरी "परवाच तर सोनोग्राफी झालीय" म्हणत घरी बसते. हे होता कामा नये.

म्हणून दोन सोनोग्राफ्यांच्या मधलं काम आईचं. 28 आठवड्यांनंतर आपल्या बाळाची हालचाल कधी, किती, कशी असते हे तिला कळायला लागतं. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून मोजलं तर दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. कमी वाटलं, वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच जायचं. गूळपाणी पिऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. "बाळंतपण जवळ आलं की बाळ कमी हलतं" हे घरोघरी सांगतात, ते खरं नाही. ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते आणू नका. त्यात आईचीच नाडी ऐकू येते आणि माणूस निश्चिंत होतो. झोपताना कुशीवर झोपावं. मध्येच जाग आली आणि पाठीवर असाल तर घाबरायचं कारण नाही, वळायचं आणि परत झोपायचं.

ती तारीख

मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा जवळ आला की बाई झोपत नाही. घरच्यांना तारीख आठवत नसते, तिला वारासकट आठवते. या आठवड्यात एक जास्तीची भेट मागून घ्या. नुसता ठोका ऐकायला जायचं असलं तरी चालतं. डॉक्टरांना आधी सांगितलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. कणकुंबीच्या घाटातून यायचं तर पावसात अर्धा दिवस जातो. मग गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरच्या हातातल्या डॉपलरवर ऐकावं. आशाताईंना सांगून ठेवावं. झोप, जेवण सगळंच सुटलं असेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते.

घरच्यांनी "काही होत नाही, देवावर सोड" म्हणू नये. तिनं मागच्या वेळीही देवावरच सोडलं होतं. "मी येतो बरोबर" हे चालतं. डोहाळजेवण करायचं की नाही हे तिला विचारा. काहींना हवं असतं, काहींना हिरव्या साडीकडे बघवत नाही. आणि तिनं मागच्या बाळाबद्दल काही बोललं तर विषय बदलू नका.

बाळंत कधी करायचं हे शेवटचं मोठं बोलणं. बाई 36 व्या आठवड्यालाच "काढा आता" म्हणते, ते समजण्यासारखं आहे. पण फार आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. मागचं कारण, या खेपेची वाढ, डॉपलर हे सगळं बघून डॉक्टर 37 ते 39 आठवड्यांच्या मधला दिवस ठरवतात. त्या बोलण्यात तिची भीतीही धरायला हवी. तिला झोप लागत नाही हेही तपासणीतच मोजलं पाहिजे. नवऱ्यानं प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आत गेल्यावर आठवत नाहीत.

आणि या वेळीही वाईटच दिसलं तर? तर दुसऱ्या डॉक्टरांनीही स्वतः बघून खात्री करावी. आणि सांगायचं ते तिला सांगावं, तिच्यादेखत, सरळ शब्दांत: "बाळाचा ठोका बंद झालाय." नवऱ्याला खुणेनं बाहेर बोलवायचं, कॉरिडॉरमध्ये कुजबुजायचं, आणि तिला टेबलावर जेलीत पडून त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला लावायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पोटावरची जेली आधी पुसा, तिला उठून बसू द्या, मग बोला. रक्तस्राव, बीपी असं काही नसेल तर लगेच पुढच्या वॉर्डाकडे ढकलायची घाई नसते. आमच्या सेंटरला मागच्या बाजूनं एक जिना होता. तिला वेटिंगमधल्या बायांसमोरून जावं लागू नये म्हणून आम्ही त्या जिन्याची किल्ली काउंटरच्या खणात ठेवायला लागलो.